रित्या हाताने परतलेला मिशनरी

मिशनरी घरातून निघतो कसा, याच्या कथा आपल्या ख्रिस्ती कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. तो परत येतो कसा, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. याचे कारण आपल्या परंपरेतच आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५४१ मध्ये लिस्बनहून निघाले, ते पुन्हा युरोपात गेले नाहीत. १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांच्यान बेटावर त्यांनी देह ठेवला. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना १५९७ मध्ये नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य लाभले. जाणे म्हणजे कायमचे जाणे, हीच आपल्या मनातील मिशनरीपणाची कल्पना. परतून आलेला मिशनरी त्या चित्रात नीटसा बसत नाही.

आणि तरीही लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात परत येणाऱ्यांचा एक प्रसंग आहे. येशूने बहात्तर शिष्यांना जोडीजोडीने गावोगाव पाठविले. थैली, झोळी, वहाणा काहीही बरोबर न घेण्याची आज्ञा दिली. ते परतले तेव्हा त्यांचे मन आनंदाने भरून वाहत होते, कारण भुतेसुद्धा त्यांना वश झाली होती. येशूने त्यांचा आनंद हिरावून घेतला नाही. तथापि त्याची दिशा बदलली. आपण काय साधले यात नव्हे, तर स्वर्गात आपले नाव लिहिले गेले आहे यात आनंद माना, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. मोहिमेवरून परतलेल्या माणसाचा हिशेब कसा मांडावा, याचा हा सर्वांत जुना धडा होय. एकोणिसाव्या शतकातील एका परतीच्या प्रवासाकडे आम्ही याच धड्याच्या प्रकाशात पाहणार आहोत. हा प्रवास आपल्या ख्रिस्तसभेतील माणसाचा नाही, मॉर्मन पंथातील एका मिशनऱ्याचा आहे. पण त्याच्या इतिहासाची एक कड मुंबई-पुण्यालाही लागलेली आहे.

मॉर्मन हे लोकांच्या तोंडी बसलेले नाव. 'येशू ख्रिस्ताची अंत्यदिवसीय संतांची मंडळी' या आशयाचे त्या पंथाचे अधिकृत नाव आहे. जोसेफ स्मिथ याने १८३० मध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने त्याची हत्या केल्यावर ब्रिगहम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेच्या ओसाड प्रदेशात गेले आणि १८४७ मध्ये त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसविली. या पंथात मिशनकार्य हे आयुष्यभराचे व्रत नसून ठरावीक मुदतीचे कर्तव्य असते. आजच्या नियमाप्रमाणे तरुण दोन वर्षे आणि तरुणी दीड वर्ष घरापासून दूर, नेमून दिलेल्या देशी जातात, आणि खर्चाचा भार मुख्यतः त्यांचे कुटुंबच उचलते. २०१२ मध्ये मिशनवर जाण्याचे किमान वय मुलग्यांसाठी अठरा आणि मुलींसाठी एकोणीस करण्यात आले होते. २०२४ च्या अखेरीस अशा मिशनऱ्यांची संख्या जगभरात ७४,००० च्या वर होती. आपल्या देशात या पंथाचे मिशन १९९३ मध्ये बंगळूर येथे आणि २००७ मध्ये नवी दिल्ली येथे स्थापन झाले. मुदत संपली की मिशनरी घरी येतो, रविवारच्या सभेत आपला अनुभव सांगतो, आणि मग शिक्षण, नोकरी, विवाह या वाटेला लागतो. 'परतलेला मिशनरी' ही त्यांच्या समाजात जन्मभर चिकटणारी ओळख आहे.

आपल्या श्रद्धेत आणि त्यांच्या श्रद्धेत मोठे अंतर आहे, हे येथेच सांगितलेले बरे. पवित्र त्रैक्याविषयीची त्यांची शिकवण इतकी वेगळी आहे की, त्यांचा बाप्तिस्मा वैध मानता येत नाही, असा निर्णय रोमच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने २००१ मध्ये दिला. तो निर्णय बाजूला न सारताही त्या पंथातील एखाद्या माणसाच्या सचोटीपुढे आदराने उभे राहता येते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने आपल्याला शिकविलेला मनाचा मोठेपणा तो हाच, असे आम्हांस वाटते.

२८ व २९ ऑगस्ट १८५२ रोजी सॉल्ट लेक सिटीत एक खास परिषद भरली. तीत सुमारे शंभर पुरुषांना जगाच्या निरनिराळ्या भागांत जाण्यासाठी नेमण्यात आले. हे लोक बहुतेक शेतकरी, कारागीर, बायकामुलांचे संसारी पुरुष. वेतन नाही, मुक्कामाची निवड नाही, परतण्याची निश्चित तारीख नाही. याच परिषदेत पंथाने बहुपत्नीत्वाची शिकवण प्रथमच उघडपणे जाहीर केली. ही बातमी त्यांच्या पाठोपाठ सर्व बंदरांवर पोहोचणार होती आणि पुष्कळ ठिकाणी त्यांच्या तोंडावर दारे बंद होण्याचे कारण ठरणार होती. (ही प्रथा बंद करण्याचे फर्मान पंथाच्या अध्यक्षांनी पुढे १८९० मध्ये काढले.) नेमलेल्यांपैकी नऊ जण हिंदुस्थानसाठी आणि चार जण सयामसाठी, म्हणजे आजच्या थायलंडसाठी, होते. सयामच्या चौघांत लेवाय सॅव्हेज नावाचा बत्तीस वर्षांचा एक विधुर होता.

सॅव्हेजचा जन्म १८२० मध्ये ओहायो राज्यात झाला. १८४६ मध्ये अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले तेव्हा मॉर्मन स्वयंसेवकांची एक पलटण उभारण्यात आली. तिच्याबरोबर तो आयोवापासून कॅलिफोर्नियापर्यंत पायी गेला होता. म्हणजे उजाड मुलूख, उपासमार आणि डोंगराळ भागातील थंडी यांची त्याला पुस्तकी माहिती नव्हती. ती त्याने अंगावर काढली होती. १८४८ मध्ये त्याचा विवाह झाला, १८५१ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पत्नी वारली. बोलावणे आले तेव्हा आईविना वाढणारे ते मूल दोन वर्षांचेही नव्हते. मुलाला बहिणीच्या ओटीत घालून १८५२ च्या ऑक्टोबरात सॅव्हेज निघाला.

या तेरा जणांनी सॅन फ्रान्सिस्को गाठले. तेथे लोकांच्या देणग्यांतून तिकिटाचे पैसे जमविले आणि १८५३ च्या जानेवारीअखेर 'मॉन्सून' नावाच्या जहाजात पाय ठेवला. सुमारे तीन महिन्यांनी, २६ एप्रिल रोजी, ते कलकत्त्याला उतरले. कलकत्त्यात १८५१ पासून त्यांच्या पंथाचे काम चालू होते. तेथून ते पांगले. रिचर्ड बॅलन्टाइन हा मद्रासला गेला. १८४९ मध्ये सॉल्ट लेकच्या वसाहतीत मुलांसाठी पहिली रविवारची शाळा काढणारा तो हाच. मिल्टन मसर हा पुढे कराचीस पोहोचला. सयामचे दोघे, चॉन्सी वेस्ट आणि बेंजामिन ड्यूई, सिलोनमार्गे मुंबईस आले.

मुंबईत त्यांना स्वपंथाचा एक माणूस आधीच भेटला. त्याचे नाव ह्यू फिंडले. हा स्कॉटलंडचा. १८५१ च्या सप्टेंबरात तो एकटाच मुंबईच्या बंदरावर उतरला होता आणि पुढील वर्षी पुण्यास गेला होता. लष्कर भागातील गोरे शिपाई आणि त्यांची कुटुंबे यांच्यात त्याने प्रवचने सुरू केली. लष्करी अधिकाऱ्यांना ते रुचले नाही आणि त्यांनी त्याच्या मार्गात अडथळे आणले. पुण्यात जेमतेम डझनभर माणसांची मंडळी त्याने उभी केली. १८५५ मध्ये मोजक्या अनुयायांना घेऊन तो कायमचा अमेरिकेच्या वाटेला लागला, तेव्हा त्याच्या पाठीमागे येथे उभे राहील असे काही उरले नाही. कलकत्ता, मद्रास, कराची येथील कथाही थोड्याफार फरकाने हीच. १८५६ पर्यंत हिंदुस्थानातील जवळजवळ सारे काम थांबले होते.

हे असे का व्हावे, याची कारणे इतिहासात स्पष्ट दिसतात. पहिले कारण भाषेचे. श्रीरामपूरला १८०० पासून आणि मुंबईला १८१३ पासून ठाण मांडलेल्या प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी देशी भाषा शिकण्यात, कोश व व्याकरणे रचण्यात, शाळा व छापखाने काढण्यात उमेदीची वर्षे खर्ची घातली होती. दोन-तीन वर्षांसाठी आलेल्या निष्कांचन माणसांना हे कोठून शक्य व्हावे? त्यांना इंग्रजी समजणाऱ्या शिपायांवर आणि गोऱ्या रहिवाशांवरच विसंबावे लागले, आणि ही माणसे बदलीबरोबर निघून जात. दुसरे कारण त्यांच्या तत्कालीन शिकवणीतच होते. नव्या अनुयायाने सर्व सोडून अमेरिकेत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात यावे अशी अपेक्षा असे. त्यामुळे जो खरोखर बदलला तो देश सोडून गेला, आणि जो जाऊ शकला नाही तो एकाकी पडला. तिसरे कारण बहुपत्नीत्वाच्या वार्तेचे. आणि चौथे, कोणत्याही परक्या पंथाला या देशात भोगावे लागणारे, जातीबाहेर पडण्याच्या भयाचे.

सॅव्हेजच्या वाट्याला तर नेमलेला देशही आला नाही. इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्या दुसऱ्या युद्धामुळे कलकत्त्याहून सयामकडे जाणारा खुष्कीचा मार्ग बंद झाला होता. सयामचा रस्ता मिळेना म्हणून तो १८५३ मध्ये ब्रह्मदेशातच उतरला आणि रंगून व मोलमीन येथे सुमारे दोन वर्षे राहिला. चौघांपैकी फक्त एलम लडिंग्टन हा एकटाच १८५४ मध्ये बँकॉकला पोहोचू शकला. ब्रह्मदेशात बाप्टिस्ट मिशनरी अडोनायरम जडसन १८१३ पासून १८५० मध्ये मृत्यू येईपर्यंत राबला होता. ब्रह्मी भाषेत त्याने संपूर्ण बायबल आणले होते. आणि अशा माणसालाही पहिला अनुयायी मिळण्यास सहा वर्षे लागली होती. सॅव्हेजने ब्रह्मी भाषा शिकण्याची खटपट केली, पण ती त्याला पुरेशी साधली नाही. ऐकणारे थोडे होते, वळणारे जवळजवळ नव्हतेच. तो रोजनिशी लिहीत असे. १८५५ च्या उत्तरार्धात त्याने पूर्वेचा निरोप घेतला आणि जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून १८५६ च्या आरंभी तो बॉस्टनला लागला. पश्चिमेकडे निघालेला हा माणूस पूर्वेकडून स्वदेशी परत आला होता. पृथ्वीप्रदक्षिणा जवळजवळ पुरी झाली होती. पदरात दाखविण्याजोगे काही नव्हते.

येथे क्षणभर थांबून हिशेब मांडू. चार वर्षांचा काळ, हजारो मैलांचा प्रवास, पोरक्या मुलापासून ताटातूट; आणि ज्या देशासाठी नेमणूक झाली त्या देशाचे दर्शनही नाही. कोणत्याही वार्षिक अहवालात हे मिशन 'निष्फळ' या रकान्यातच पडेल. आम्हांसही तो रकाना चुकीचा वाटत नाही. तथापि माणूस घरी पोहोचेपर्यंत त्याचे मिशन संपत नाही. सॅव्हेजचे घर अद्याप दोन हजारांहून अधिक मैल दूर होते, आणि याच मैलांनी त्याला इतिहासात स्थान दिले.

त्या वर्षी युरोपातून आलेल्या गरीब मॉर्मन कुटुंबांना पश्चिमेकडे नेण्यासाठी पंथाने नवी युक्ती काढली होती. बैलांचे तांडे महाग पडतात, म्हणून लोकांनी आपले सामान हातगाड्यांवर घालून त्या स्वतः ओढत न्याव्यात, अशी ती योजना. मोठ्या माणसाला सामानाची मर्यादा १७ पौंड. आयोवा सिटी येथे रेल्वे संपत असे. तेथून सॉल्ट लेक सुमारे १,३०० मैल. १८५६ सालच्या पहिल्या तीन तुकड्या सुखरूप पोहोचल्या. चौथी तुकडी, जेम्स विली याच्या नेतृत्वाखालची, मुख्यतः इंग्लंड, स्कॉटलंड आणि डेन्मार्ककडील गरिबांची. तिला जहाज उशिरा मिळाले आणि हातगाड्याही तयार नव्हत्या. सुमारे ५०० माणसे आणि १२० हातगाड्या घेऊन ती १५ जुलैला आयोवा सिटीहून निघाली. गाड्यांचे लाकूड ओले होते, ते वाटेत सुकून तडकू लागले. पाच शतकांत विभागलेल्या या तुकडीतील एका शतकाची जबाबदारी घरी निघालेल्या सॅव्हेजवर सोपविण्यात आली.

ऑगस्टच्या मध्यास तुकडी मिसुरी नदीकाठच्या फ्लॉरेन्स या ठाण्यावर आली. पुढे हजार मैल वस्ती विरळ आणि डोंगर उंच. हिवाळा येथेच काढावा की पुढे जावे, हा प्रश्न उभा राहिला. १३ ऑगस्टच्या संध्याकाळी सभा भरली. जाणकार पुढाऱ्यांचा कल पुढे जाण्याकडे होता. देव हवामान राखील, असा त्यांचा भरवसा. सॅव्हेज बोलण्यास उभा राहिला. म्हातारी माणसे, बायका, लहान मुले घेऊन इतक्या उशिरा डोंगर ओलांडणे धोक्याचे आहे, असे त्याने स्पष्ट सांगितले. गुडघाभर बर्फातून चालावे लागेल, रात्री पातळ घोंगडी पांघरून गोठलेल्या जमिनीवर पडावे लागेल, हेही सांगितले. सांगताना त्याच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. विलीने त्याला सर्वांसमोर विरोध केला. आपला देव तारण्यास समर्थ आहे, असे तो म्हणाला. मते घेण्यात आली आणि बहुमत पुढे जाण्याच्या बाजूने पडले. शंभराच्या आसपास लोक फ्लॉरेन्सलाच थांबले.

सॅव्हेजलाही थांबता आले असते. त्याचे मिशन संपले होते. या तुकडीशी त्याचे वचन बांधलेले नव्हते. मात्र त्याने जे सांगितले, ते त्याच तुकडीतील जॉन चिझलेट याने पुढे लिहून ठेवले. मी बोललो ते खरे आहे हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही जाणारच असाल तर मीही तुमच्याबरोबर येईन, जमेल ती मदत करीन, तुमच्यासह कष्ट काढीन, दुःख सोशीन, आणि वेळ आली तर मरेन, असा त्या बोलण्याचा आशय होता.

या सभेचा विचार करताना एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. विली हाही परतीच्या वाटेवरचा मिशनरीच होता. तो इंग्लंडमधील काम आटोपून घरी निघाला होता, आणि ते काम यशस्वी ठरले होते. इंग्लंडच्या बंदरांतून त्या काळी जहाजेच्या जहाजे अनुयायांनी भरून निघत. ज्याच्या मोहिमेला देवाने भरभरून फळ दिले, त्याला पुढचे पाऊलही फळणारच असे वाटले तर नवल नाही. सॅव्हेज मात्र अशा ठिकाणाहून आला होता की, जेथे आज्ञा मानूनही रस्ता उघडला नव्हता, कष्ट करूनही पीक आले नव्हते. देवाने पाठविले म्हणजे देव सर्व अडचणी दूर करीलच, हा समज त्याच्या मनात उरलेला नसावा. तरीही त्याची श्रद्धा आटली नव्हती. बर्फ पडणार हे जाणणे आणि तरीही भावंडांबरोबर चालत राहणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या ठायी एकत्र नांदत होत्या. ब्रह्मदेशाने त्याला हेच दिले, असे आमचे मत आहे. विलीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद केले पाहिजे की, संकट कोसळल्यावर त्याने जिवाची पर्वा केली नाही.

सप्टेंबरच्या आरंभी नेब्रास्काच्या माळरानावर रात्री बैल उधळले आणि सुमारे तीस जनावरे कायमची नाहीशी झाली. मग त्यांच्यावरचे पीठही हातगाड्यांवर चढले. १२ सप्टेंबरला फ्रँकलिन रिचर्ड्स हा पंथातील मोठा अधिकारी युरोपातून परतताना घोडागाड्यांनी येऊन तुकडीला मिळाला. फ्लॉरेन्सच्या सभेची हकीकत त्याच्या कानी गेली होती. शंका काढणाऱ्यांची त्याने लोकांसमक्ष कानउघाडणी केली आणि तो पुढे निघून गेला. सॅव्हेजने ती कानउघाडणी सोसली आणि आपल्या शतकातील माणसांबरोबर तो चालत राहिला. 'तुम्ही ऐकले नाही, आता भोगा' असे म्हणून वेगळे होण्याची ही उत्तम संधी होती. ती त्याने घेतली नाही.

ऑक्टोबरात आजच्या वायोमिंग राज्यात स्वीटवॉटर नदीच्या खोऱ्यात तुकडी पोहोचली तेव्हा पिठाचा शिधा घटत घटत संपत आला होता. १९ ऑक्टोबरला पहिले हिमवादळ आले. रिचर्ड्स ४ ऑक्टोबरला सॉल्ट लेकला पोहोचला होता, आणि मागे माणसे अडकली आहेत हे कळताच ब्रिगहम यंगने दुसऱ्याच दिवशी परिषदेत मदतीची हाक दिली होती. पिठाने व उबदार कपड्यांनी भरलेल्या गाड्या निघाल्या होत्या. पण त्याही वादळात थांबल्या होत्या. २० तारखेला विली एका सोबत्यासह बर्फातून त्यांच्या शोधात निघाला, आणि २१ तारखेला मदत तुकडीपर्यंत आली. तरीही सर्वांत कठीण दिवस पुढेच होता. २३ ऑक्टोबरला रॉकी रिज नावाची खडकाळ चढण वाऱ्याबर्फात चढून जावी लागली. मागे राहिलेली माणसे मुक्कामी पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. त्या पहाटे रॉक क्रीक येथे तेरा प्रेते एकाच खड्ड्यात ठेवण्यात आली. कबर खणणाऱ्यांपैकी दोघेही लगेच मरण पावले. ९ नोव्हेंबर १८५६ रोजी तुकडी सॉल्ट लेक सिटीत शिरली, तेव्हा सुमारे ६८ माणसे वाटेतच राहिली होती. तिच्या मागून येणाऱ्या पाचव्या तुकडीची हानी याहून मोठी होती. इतक्या उशिरा लोकांना निघू देणाऱ्यांना ब्रिगहम यंगनेही जाहीरपणे दोष दिला.

सॅव्हेजचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले होते. पण खरे ठरण्याचे समाधान अशा वेळी किती कडू असते, ते सांगावयास नको. बहिणीच्या घरी त्याचा मुलगा आता पावणेसहा वर्षांचा झाला होता. त्याच्या पुढील आयुष्याला आम्ही उगाच संताची झळाळी देणार नाही. १८५८ मध्ये त्याने याच तुकडीतून आलेल्या, दोन मुलींची आई असलेल्या ॲन कूपर हिच्याशी विवाह केला. पुढे त्या पंथाच्या तत्कालीन चालीप्रमाणे त्याने बहुपत्नीक संसार केला, जो आपल्या श्रद्धेला कदापि मान्य होणार नाही. यूटाच्या दक्षिणेस टॉकरव्हिल या गावी शेतीवाडी करीत १९१० मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तो मरण पावला. त्याच्या समाजाने मात्र त्याला विसरण्याचे नाकारले. २०११ मध्ये त्याच्यावर एक चित्रपटही निघाला. ब्रह्मदेशात त्याने किती जणांना दीक्षा दिली, हे आज कोणी विचारीत नाही. फ्लॉरेन्सच्या सभेत तो काय बोलला आणि नंतर कोणाबरोबर चालला, एवढेच लोक सांगतात.

हा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडण्यात आमचा एक हेतू आहे. मॉर्मन समाजात मुदतीपूर्वी घरी परतणारे तरुणही असतात. कोणी आजारी पडतो, कोणाचे मन खचते. विमानतळावर स्वागताचे फलक घेऊन उभे राहणारे नातलग अशा वेळी काय बोलावे ते न सुचून गप्प होतात, आणि त्या मुलामुलींना आपण हरलो असे वाटू लागते. ही वेदना आपल्याला अनोळखी आहे काय? आपल्या धर्मग्रामांतूनही मुले सेमिनरीत जातात, मुली कॉन्व्हेंटात जातात. जाताना घरी प्रार्थना होते, गावजेवण होते, फोटो निघतात. त्यांतील सर्वच जण धर्मगुरू किंवा धर्मभगिनी होत नाहीत. तीन, पाच, सात वर्षांनी एखादा मुलगा ट्रंक घेऊन घरी येतो. त्या संध्याकाळी दिवाणखान्यातील त्याचा झग्यातील फोटो हळूच काढून ठेवला जातो. शेजारीपाजारी 'काय झाले?' एवढेच विचारतात. आईवडील मिस्सेला मागच्या बाकावर बसू लागतात. तेथे तो काय शिकला, कोणाची सेवा करून आला, त्याची प्रार्थना खोल झाली की नाही, हे विचारण्यास मात्र कोणी जात नाही.

हीच गोष्ट दूरच्या मिशनात पन्नास वर्षे घालवून निवृत्तीसाठी गावी परतणाऱ्या वृद्ध फादरांची आणि सिस्टरांची. आपण त्यांना किती शाळा बांधल्या, किती स्नानसंस्कार दिले, असे आकडे विचारतो. ज्यांच्यापाशी आकडे असतात त्यांचा सत्कार होतो. ज्यांच्यापाशी नसतात ते हसून विषय बदलतात. बहात्तर शिष्यही आकडे घेऊनच आले होते, आणि येशूने त्यांना त्या आकड्यांपलीकडे पाहण्यास सांगितले होते.

आत्मिक वाढ ही मिशनाच्या ठिकाणी मोजता येत नाही, असे आम्हांस या इतिहासावरून वाटते. ती दिसते ती परतल्यावर, किंवा परतीच्या वाटेवर. सत्य बोलण्याचे धैर्य वाढले काय? आपले म्हणणे फेटाळले गेल्यावरही माणसांना सोडून न जाण्याइतके प्रेम उरले काय? सर्वांसमक्ष बोलणी खाऊनही मनात आढी न धरता दुसऱ्याचे ओझे उचलता येते काय? ज्याला हे साधते त्याचे मिशन फळास आले असे समजावे, मग पदरात काही असो वा नसो. आपल्या धर्मग्रामात उद्या कोणी असा रित्या हाताने परत आला, तर त्याला प्रथम घरात घ्यावे, जेवू घालावे, आणि मग त्याचा प्रवास त्याच्याच तोंडून, घाई न करता, ऐकून घ्यावा. लगोलग त्याला पुढच्या बाकावर बसवून धर्मग्रामाचे एखादे काम सोपवावे. एवढे आपल्या हाती निश्चित आहे.